दारू सुटली, भाऊही सुटला: स्वनीतिमत्त्वाविषयी एका प्रश्नाला उत्तर

एका विश्वासी बंधूंनी प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा. घराणं पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती, पण त्यांना स्वतःला विश्वासाचा अनुभव आला तो काही वर्षांपूर्वी. दारू सुटली. पहाटेची प्रार्थना, शुक्रवारचा उपवास, पगाराचा दशमांश, रविवारी संडे स्कूलच्या मुलांना शिकवणं, सगळं नेमानं चालू आहे. थोरला भाऊ मात्र अजून पितो आणि चर्चमध्ये नाताळ-ईस्टरलाच दिसतो. गेल्या नाताळात भावाच्या घरी जेवायला जायला यांनी नकार दिला. आईनं डबा भरून पाठवला, तोही परत केला. पत्नी म्हणाली, "तुम्ही प्रार्थनेवरून उठलात की घरात बोलायची भीती वाटते." आता ते विचारतात: पापाचा तिटकारा येणं चूक आहे का? स्वनीतिमत्त्व, म्हणजे स्वतःच्याच चांगुलपणावर भरवसा ठेवून इतरांना तुच्छ लेखणं, हा खरंच एवढा मोठा आत्मिक धोका आहे, की नीट जगणाऱ्याला गप्प बसवायला लोक हा शब्द वापरतात? दारुड्या भावाबरोबर जेवूही नका असं प्रेषित पौलानंच लिहिलं आहे ना? आणि मी संडे स्कूल सोडावं का?

बंधू, तुमची दारू सुटली ही देवाची फार मोठी कृपा आहे. ती कुणी हलक्यावारी नेऊ नये, तुम्हीही नाही. तुमच्या शंकेतही तथ्य आहे. मंडळीत कुणी दानाचा हिशेब मागितला, कुणी लाच द्यायला नकार दिला, की त्याला "परुशी" म्हणून मोकळं होणारे लोक मी पाहिले आहेत. पण तुमच्या पत्नीचं वाक्य त्यातलं नाही. तुम्ही पुन्हा प्यायला लागावं असं तिला वाटायचं काही कारण नाही, तुमच्या दारूची झळ सगळ्यात जास्त तिनंच सोसली असणार. ती जे बोलली ते कान देऊन ऐका. आरोप करायला ती बोलली नसेल, घरात जे जाणवतं ते तिनं सांगितलं.

लूकच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेली, मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या परुशी आणि जकातदाराची गोष्ट आपल्याला इतकी पाठ झाली आहे की ऐकताना कान टवकारत नाहीत. परुश्याची प्रार्थना पुन्हा एकदा सावकाश वाचा. तो खोटं बोलत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात वर्षातून एकच उपवास सक्तीचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा आठवड्यातून दोनदा करतो. मिळकतीच्या प्रत्येक गोष्टीचा दशमांश देतो. लुबाडणूक नाही, व्यभिचार नाही. असा माणूस आपल्या मंडळीत आला तर आपण त्याला दुसऱ्याच वर्षी पंच कमिटीत घेऊ. आणि मला सगळ्यात जास्त धडकी भरते ती पुढच्या गोष्टीनं: तो सुरुवातच देवाचे आभार मानून करतो. म्हणजे श्रेयसुद्धा तो देवालाच देतो आहे. "हे सगळं प्रभूच्या कृपेनं हो" असं आपण म्हणतो तसंच. तोंडात कृपेची भाषा असली म्हणजे मनात स्वनीतिमत्त्व नाही, असं समजू नका.

मग बिघडलं कुठं? देवासमोर उभा असताना त्याची नजर बाजूला जाते. मागं कोण उभं आहे ते त्याला दिसतं, आणि त्याच्याशी तुलना करून तो स्वतःची उंची ठरवतो. दुसरं म्हणजे त्या सबंध प्रार्थनेत मागणं एकही नाही. त्याला देवाकडून काहीच नको आहे. जकातदार एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर, आणि येशू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो हाच. हा जकातदार कुणी गरीब बिचारा नव्हता हेही ध्यानात ठेवा. रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर वसूल करायचा आणि ठरल्यापेक्षा जास्त उकळायचा, असा हा धंदा. येशू त्याचं पाप झाकत नाही. ते पाप खरं होतं आणि परुश्याचं चांगुलपणही खरं होतं. म्हणून तर ही गोष्ट बोचते.

इथं एक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. परुशी म्हणजे ढोंगी लोकांची टोळी, असं चित्र आपण मुलांच्या मनात उभं करतो. ते बरोबर नाही. देवाचं वचन रोजच्या जगण्यात, स्वयंपाकघरापर्यंत आणावं यासाठी झटणारे ते गंभीर लोक होते. निकदेम त्यांच्यातला, पौलही त्यांच्यातलाच. ख्रिस्ती लोकांनी शेकडो वर्षं या गोष्टीचा आधार घेऊन यहुदी समाजाला तुच्छ लेखलं आणि छळलं. म्हणजे ज्या गोष्टीनं तुच्छतेवर बोट ठेवलं, तीच गोष्ट तुच्छतेचं हत्यार झाली. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना बजावतो की तुम्ही कलम केलेल्या डहाळ्या आहात, तोडलेल्या डहाळ्यांपुढं बढाई मारू नका. चर्चनं ते फारसं ऐकलं नाही. तेव्हा हा धडा शिकवताना "ते परुशी असे होते" असं म्हणून थांबलो, तर त्याच वाक्यात आपण परुश्याची प्रार्थना करून मोकळे होतो.

आता, धोका एवढा मोठा का? दारू पिणाऱ्याला कुठंतरी माहीत असतं की आपलं चुकतं आहे. सकाळी डोकं दुखतं, बायको रडते, पगार पुरत नाही. स्वनीतिमत्त्व मधुमेहासारखं आहे. सुरुवातीला काही दुखत नाही, त्यामुळं माणूस तपासायला जात नाही, आणि आतल्या आत डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या शिरा खराब होत जातात. निरोग्यांना वैद्याची गरज नाही, असं येशू म्हणाला, त्यात हीच भीती आहे. क्षमा नाकारली जाते असं नाही, ती मागितलीच जात नाही. दावीद राजाचं आठवा. नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो, त्यानं गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून कापली. दावीद संतापून त्याला मरणदंड सुनावतो. त्या घटकेला त्याच्या स्वतःच्या हातावर, त्यानं मारवलेल्या उरीया या सैनिकाचं रक्त आहे आणि घरात उरीयाची बायको आहे. त्याचा संताप नाटकी नव्हता, तो मनापासून चिडला होता. दुसऱ्याच्या पापाची चीड आणि स्वतःच्या पापाची शुद्ध नसणं, या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी सुखानं नांदू शकतात.

आणि हा रोग भावाच्या तिरस्कारावर थांबत नाही. तो देवापर्यंत जातो. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला मुलगा बघा. शेतातून येतो, सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी चाललेल्या गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, आणि घरात जात नाही. बाप बाहेर येऊन विनवतो तेव्हा तो म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, पण मित्रांबरोबर मौज करायला तुम्ही मला एक करडू दिलं नाही. धाकट्याबद्दल बोलताना तो "माझा भाऊ" म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. बाप उत्तरात "हा तुझा भाऊ" म्हणतो. नातं मोडलं होतं ते भावाशी, पण मनात साचलेली तक्रार निघाली ती बापाबद्दल. इतकी वर्षं घरात राहून त्यानं बापाला मालकच समजलं होतं. ही गोष्ट येशूनं अर्धी सोडली आहे. थोरला आत गेला की नाही ते सांगितलेलं नाही, कारण ती ऐकायला परुशी आणि शास्त्री समोर उभे होते आणि उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यानं हेच स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे. 1505 मध्ये तो एरफुर्टच्या मठात गेला. उपवास, जागरणं, तासन्‌तास पापनिवेदन. त्याच्या कबुल्या ऐकून श्टाउपिट्झसारखा प्रेमळ गुरूही थकून जायचा. मरणाच्या आदल्या वर्षी, 1545 मध्ये, आपल्या लॅटिन लेखनाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की संन्यासी म्हणून मी निर्दोष जगत होतो, पण पाप्यांना शिक्षा करणाऱ्या नीतिमान देवावर माझं प्रेम नव्हतं, मनातून मी त्याचा द्वेषच करत होतो. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या सतराव्या वचनाशी झटताना त्याला उमगलं की देवाचं नीतिमत्त्व ही देवानं विश्वासानं माणसाला दिलेली देणगी आहे. ल्यूथर ढोंगी नव्हता. त्यानं मठाचे नियम इतरांपेक्षा कडक पाळले, आणि तरी हाताला आला तो देवाविषयीचा सुप्त राग.

आपल्याकडं पंडिता रमाबाईंचं उदाहरण याहून जवळचं आहे, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी ते पुरेसं वाचलेलं नाही. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवांसाठी एवढं काम करणारी, संस्कृतात पारंगत, बायबलचा अभ्यास असलेली बाई. त्या पुढं आपल्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. मग त्या आपण पापी आहोत हे कबूल करून, काही न घेता, रिकाम्या हातांनी ख्रिस्ताकडं आल्या. हे त्यांनी कुणाच्या दबावाखाली लिहिलं नाही. उलट, साऱ्या जगात नाव झालेल्या स्त्रीनं आपल्या इतक्या वर्षांच्या ख्रिस्तीपणाबद्दल असं छापणं सोपं नव्हतं. नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. समाजानं ज्यांना पतित म्हणून टाकलं होतं त्यांच्यासाठी तिथं कृपासदन होतं. रिकाम्या हातांनी आलेल्या बाईनं घराला दिलेलं हे नाव मला फार योग्य वाटतं.

एकट्या माणसाला होतं ते अख्ख्या मंडळीलाही होतं. 303 मध्ये रोमी सम्राट डायोक्लिशियननं ख्रिस्ती लोकांचे पवित्र ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत काहींनी ग्रंथ सोपवून दिले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. छळ संपल्यावर प्रश्न आला: ज्यांनी हार मानली त्यांच्या हातून दीक्षा घेतलेल्या बिशपला मानायचं का? डोनाटिस्ट नावाच्या गटानं नाही म्हटलं. शुद्ध चर्च तेवढं आमचं, बाकीच्यांचे संस्कारही बाद. शंभर वर्षं गावोगावी दोन-दोन चर्च, दोन-दोन बिशप. 411 मध्ये कार्थेजला मोठी परिषद झाली. ऑगस्टिन या बिशपनं त्यांच्यापुढं निदणाचा, म्हणजे गव्हात उगवणाऱ्या तणाचा, दाखला ठेवला: गहू आणि निदण कापणीपर्यंत एकाच शेतात वाढणार. ऑगस्टिनचं म्हणणं मला पटतं, पण पुढं डोनाटिस्टांवर सरकारी बळजबरी व्हावी याला त्यानंच पाठिंबा दिला, हेही सांगायला हवं. बरोबर बाजूलाही आपल्या बरोबरपणाची नशा चढते. डोनाटिस्टांच्या पूर्वजांनी खरोखर सोसलं होतं. त्यांचा अभिमान हवेतला नव्हता. छळात टिकणं ही चांगलीच गोष्ट, पण ते टिकणं त्यांनी इतरांना मोजायची पट्टी केलं.

आपल्या गावांत याची लहान लहान रूपं रोज दिसतात. एका पेठेत तीन मंडळ्या, आणि तिघींचं एकमेकींबद्दलचं मत "ते नामधारी ख्रिस्ती." पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिंपडून घेतलेले अर्धे वाटतात, जुन्या मिशनच्या चर्चमधल्यांना टाळ्या वाजवून गाणारे उथळ वाटतात. उपवास-प्रार्थनेत कुणीतरी डोळे मिटून म्हणतं, "प्रभू, अमक्या बहिणीच्या घरात जे चाललं आहे त्यासाठी आम्ही विनवतो," आणि आमेन व्हायच्या आत दहा घरांना कळलेलं असतं काय चाललं आहे ते. साक्ष देताना आपण जुनी पापं रंगवून सांगतो आणि आजचं एकही सांगत नाही. पौल तीमथ्याला लिहितो की ख्रिस्त पाप्यांना तारायला आला आणि त्या पाप्यांत मी मुख्य आहे. हे तो म्हातारपणी लिहितो आहे. आधी करिंथकरांना त्यानं स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हटलं होतं, इफिसकरांना पवित्र जनांत कनिष्ठ म्हटलं. वय वाढलं, सेवा वाढली, तसतसा तो स्वतःच्या हिशेबात खालीच येत गेला. दारू सोडून वीस-वीस वर्षं झालेली माणसं ए. ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगमध्ये उभी राहून आजही "मी अल्कोहोलिक आहे" असं म्हणतात. तुम्हाला हे इतरांपेक्षा लवकर समजेल.

याच्या उलट दिसणारी दोन रूपं आहेत, ती सुटतात म्हणून सांगतो. एक, "मी पितो, पण त्या उपवासवाल्यांसारखा ढोंगी तरी नाही." हा जकातदाराच्या जागी उभा राहून परुश्याची प्रार्थना करतो. तुमच्या भावाच्या तोंडी हे वाक्य असेल तर त्याला नम्रता समजू नका.

दुसरं रूप जास्त हळवं आहे. एक आजी होत्या. प्रभुभोजनाची वेळ आली की पदर सावरून निघून जायच्या, वर्षानुवर्षं. त्या शेवटच्या आजारात दवाखान्यात असताना मी भाकर आणि प्याला घेऊन गेलो. म्हणाल्या, "पाळकसाहेब, मला आधी नीट होऊ द्या, मग घेईन." मी विचारलं, कुठल्या बाबतीत नीट? तरुणपणी जावेशी केलेलं एक भांडण होतं. जाऊ वारली होती, माफी मागायची राहिली होती. "एवढं मोठं पाप करून कशी हात लावू?" मी त्यांना म्हटलं की आजी, ख्रिस्ताचं रक्त तेवढ्या एका भांडणाला पुरणार नाही असं तुम्ही म्हणताय. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या, मग रडल्या, आणि हात पुढं केला. आधी लायक होईन, मग येईन, यातही भरवसा स्वतःवरच असतो. फक्त त्याला दुःखाचे कपडे घातलेले असतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात अयोग्य प्रकारे प्रभुभोजन घेण्याविषयी जी ताकीद आहे, ती त्या मेजाशी बसून गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांना आहे. रडणाऱ्या आजीला नाही.

आता तुमचा अडचणीचा प्रश्न. होय, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो की स्वतःला भाऊ म्हणवून जो व्यभिचारी, लोभी, दारुडा असेल त्याच्याबरोबर जेवूही नका. वचन तुम्ही बरोबर आठवलं. पण अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. बापाच्या बायकोला ठेवणाऱ्या माणसाचं उघड प्रकरण आहे आणि मंडळी त्याबद्दल फुगून बसली आहे. पौलाची पहिली तक्रार ही की तुम्ही शोक का केला नाही. निर्णय घ्यायचा तो सगळ्या मंडळीनं एकत्र जमून. हेतू हा की त्या माणसाचा आत्मा तारला जावा. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, मंडळीनं शिक्षा केलेल्या एका माणसाविषयी तो लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. म्हणजे आधी शोक, मग मंडळीचा निर्णय, आणि शेवटी माणूस परत यावा ही आस. तुमच्या नाताळात यातलं काय होतं? मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे पहिली पायरी म्हणजे भावाला एकांतात गाठून बोलणं. तुमच्या प्रश्नात तसं काही लिहिलेलं नाही. आणि आईचा डबा कुठल्या वचनाखाली परत गेला? आई पीत नाही.

याउलट गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जेवणाचीच एक गोष्ट आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहुदी माणसं आली तेव्हा तो घाबरून मागं सरला, वेगळा बसू लागला, आणि बर्णबासुद्धा त्याच्यामागं गेला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, आणि लगेच त्याच श्वासात तो विश्वासानं नीतिमान ठरण्याचा सिद्धांत मांडतो. हा सिद्धांत पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं यावर तपासला गेला. आपल्या मातीत तर हे सांगायची गरज पडू नये. आपल्या आज्या-पणज्यांतल्या कितीतरी जणांना कुणाच्या पंगतीत जागा नव्हती, आणि येशू पाप्यांबरोबर जेवतो एवढं ऐकून ते त्याच्या मागं आले.

पापाचा तिटकारा चूक नाही. मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू कुसळ तसंच राहू दे म्हणत नाही. आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं म्हणतो. फरक ओळखायला मी लोकांना एकच गोष्ट बघायला सांगतो. ज्याच्यावर तुमचा राग आहे त्याच्या पडण्याची बातमी आली, त्या क्षणी आत काय होतं? रडू आलं, काळजी वाटली, तर तो तिटकारा पवित्र आहे. बारीकसा गोडवा वाटला, "मी म्हटलंच होतं" असं आलं, तर तिथं थांबा. आणखी काही तपासायची गरज नाही. गलतीकरांस सहाव्या अध्यायात, पडलेल्याला सौम्य वृत्तीनं उभं करा, असं सांगताना पौल पुढं लगेच म्हणतो की स्वतःकडं लक्ष द्या, तुम्हीही परीक्षेत पडाल. तुमच्यासारख्या, दारूतून सुटलेल्या माणसाला हे अक्षरशः लागू आहे.

करायचं काय? उपवास सोडू नका, दशमांश सोडू नका. चांगली कामं कमी करून हा रोग बरा होत नाही. पण त्यांचा उल्लेख बंद करा, घरातसुद्धा. पहाटेच्या प्रार्थनेत काही दिवस भावाचं नाव घेऊ नका. एकावन्नावं स्तोत्र घ्या आणि त्यात स्वतःची आजची पापं नाव घेऊन सांगा: कालचा आवाज, आईचा परत केलेला डबा, मनातला गोडवा. एखादा प्रौढ विश्वासी किंवा तुमचे पाळक गाठून हेच तोंडानं सांगा. चर्चमध्ये सगळे मिळून पापांगीकार म्हणतात, तो आपण इतक्या वेगानं उरकतो की एकही पाप आठवायला वेळ मिळत नाही. तो सावकाश म्हणा. आणि पत्नीला विचारा, घरात भीती कधी वाटते? ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, बाजू मांडू नका, वचन तर मुळीच काढू नका.

संडे स्कूल सोडू नका. मुलांना दारूतून सुटलेला शिक्षक हवाच आहे. फक्त उधळ्या पुत्राचा धडा बापाच्या मिठीवर संपवू नका, पुढची, थोरल्या मुलाची आठ वचनंही शिकवा.

आईकडं आधी जा, डब्याबद्दल माफी मागा. मग भावाकडं. ज्या वेळी त्याच्या घरी बाटली उघडते त्या वेळी जाऊ नका. ते तुमच्यासाठी धोक्याचं आहे आणि ते टाळण्यात काही स्वनीतिमत्त्व नाही. दुपारी जा, किंवा त्यालाच तुमच्याकडं जेवायला बोलवा. पहिल्या भेटीत दारूचा विषय काढू नका. नाताळात आलो नाही त्याबद्दल वाईट वाटतं, एवढं म्हणा, आणि ते खरं वाटेपर्यंत जाणं लांबवायचं असेल तर थोडं लांबवा, पण महिनोन्‌महिने नको. त्यानं टोमणा मारला तर गिळा. पुढं कधी तो स्वतःहून म्हणाला की सुटत नाही रे, तर त्या दिवशी "प्रार्थना कर, सुटेल" एवढ्यावर भागवू नका. दारू हा आजारही आहे. अंगाला सवय झालेल्या माणसानं एकदम थांबवली तर जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांकडं न्या. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतं आहे. तुमच्या शहरात ए. ए.ची मीटिंग कुठं भरते ते आजच काढून ठेवा. त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः जा आणि शेजारच्या खुर्चीवर बसा.